टेक-ऑफची धाव कुठून सुरू व्हावी? उजळाईवाडीच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमान देखभालीच्या खात्यात नोकरी केल्याचं एकदा नातेवाइकांना कळलं की लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीत सुद्धा प्रश्न चुकत नाहीत. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून हैदराबाद-मुंबईची विमानं नियमित सुटायला लागल्यापासून तर फारच. गंमत म्हणजे बहुतेक प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात: हे विमान पळायला सुरुवात कुठून करतं आणि तिथूनच का? तीच तीच उत्तरं फोनवर देण्यापेक्षा एकदाची इथे लिहून ठेवतो. मी वैमानिक नाही. उड्डाणाची कागदपत्रं, तक्ते आणि चाकं मात्र पुष्कळ जवळून पाहिली आहेत.

विमान मधूनच धावपट्टीवर येतं. मग तिथूनच का पळत नाही? टोकाला जाऊन वळायची काय गरज?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. मोठ्या विमानतळावर धावपट्टीला समांतर असा वेगळा रस्ता असतो, टॅक्सीवे. विमान त्या रस्त्याने टोकापर्यंत जातं आणि तिथूनच धावपट्टीवर चढतं. लहान विमानतळांवर असा समांतर रस्ता बहुधा नसतो. विमानं उभी राहतात त्या ॲप्रनवरून एक छोटा जोडरस्ता निघतो आणि धावपट्टीला मध्येच कुठेतरी मिळतो. मग टोक गाठायचं तर धावपट्टीवरूनच उलट्या दिशेने जावं लागतं. टोकाला पोचलं की तिथल्या रुंद केलेल्या जागेत विमान पूर्ण वळसा घेतं, नाक सरळ करतं आणि मग पळतं. याला ‘बॅकट्रॅक’ म्हणतात.

आता यात दोन-तीन मिनिटं जातात, इंधन जळतं, आणि तेवढा वेळ धावपट्टी दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. तरीही हे करतात, कारण जोडरस्त्याच्या तोंडापासून पळायचं ठरवलं तर मागे राहिलेली सगळी धावपट्टी फुकट गेली. वैमानिकांच्या जगात तीन निरुपयोगी गोष्टी सांगितल्या जातात: डोक्यावरची उंची, मागे राहिलेली धावपट्टी आणि पंपावरच्या टँकरमध्ये राहिलेलं इंधन. ही थट्टा असली तरी विमान चालवायला शिकणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकलेली असते.

म्हणजे नियम काय? नेहमी पहिल्या मीटरपासूनच?

नाही. नियम असा की ज्या जागेवरून गणित केलं, त्याच जागेवरून पळायचं. बाकीची सगळी उत्तरं या एका वाक्यातून निघतात. पूर्ण लांबीचं गणित केलं असेल तर टोकापासून. मधल्या जोडरस्त्यापासूनचं गणित केलं आणि ते व्यवस्थित बसलं, तर मधून पळायलाही हरकत नाही. गणित एका जागेचं आणि चाकं दुसऱ्या जागेवर, हे मात्र चालत नाही. माणसं मेली आहेत ती अशा गफलतींत.

‘टोक’ म्हणजे नक्की कुठे? पांढऱ्या पट्ट्यांपासून, आकड्यापासून, की डांबर सुरू होतं तिथून?

धावपट्टीच्या तोंडाशी पियानोच्या पट्ट्यांसारखे जाड पांढरे पट्टे दिसतात. त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. त्याच्या पुढे मोठा आकडा असतो. हे दोन्ही मुख्यतः उतरणाऱ्या विमानासाठी आहेत: इथून पुढे जमीन तुझी, असं सांगणारे. टेक-ऑफ करणाऱ्याला आकड्यावर चाक ठेवायचं बंधन नाही. पट्ट्यांच्या अलीकडे उरलेल्या थोड्या मीटरांतही चाकं ठेवता येतात, आणि अनुभवी माणूस ठेवतोच.

या पट्ट्यांची संख्या धावपट्टीच्या रुंदीवर ठरते. ३० मीटर रुंदीला ८ पट्टे, ४५ मीटरला १२. मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून कुठल्याही विमानतळाचे पट्टे मोजा, रुंदी समजते. पोरांना सुट्टीत द्यायला बरा उद्योग आहे.

काही ठिकाणी पट्ट्यांच्या अलीकडे पांढरे बाण असतात. ते कशाला?

तिथे थ्रेशोल्ड पुढे सरकवलेला असतो. उतरण्याच्या वाटेत झाडं, इमारत, टेकडी असं काही असेल तर उतरणाऱ्याला थोडं पुढे उतरायला लावतात. पण बाणांचा भाग पक्का असतो आणि टेक-ऑफसाठी वापरता येतो. धाव बाणांच्या अगदी सुरुवातीपासून घ्यायची, पट्ट्यांशी येऊन थांबायचं नाही. नवीन शिकणाऱ्याला नेमकी इथेच शंका येते आणि तो उगीच दोन-तीनशे मीटर सोडून देतो.

पिवळ्या रंगाचे वाकडे पट्टे, म्हणजे व्हीच्या आकाराचे, दिसले तर गोष्ट वेगळी. तो भाग विमानाचं वजन रोज पेलायला बांधलेला नसतो. तिथून धाव सुरू करायची नाही, दिसायला डांबर कितीही चांगलं असलं तरी.

आपल्याकडे ०७ आणि २५ असे आकडे आहेत म्हणे. कुठल्या टोकापासून पळायचं ते कोण ठरवतं?

वारा. आकडा म्हणजे होकायंत्राची दिशा, शेवटचं शून्य काढून. ०७ म्हणजे साधारण ७० अंश, पूर्वेच्या जरा उत्तरेला. २५ म्हणजे साधारण २५० अंश, पश्चिमेच्या जरा दक्षिणेला. धावपट्टी एकच, टोकं दोन. विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर पळवतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा २५ सोयीची. म्हणजे विमान पूर्वेच्या टोकाला जाऊन वळणार आणि पुणे-बंगळूर महामार्गाच्या बाजूला तोंड करून उडणार. वारा पूर्वेचा असला की उलटं.

वाऱ्याचा फायदा किती? जमिनीवर गाठायचा वेग दहा टक्क्यांनी कमी झाला तर धावेचं अंतर जवळजवळ वीस टक्क्यांनी कमी होतं, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जातं. पाठीमागचा वारा असला तर तोच हिशोब उलटा फिरतो. म्हणून ‘जवळचं टोक आहे, तिथूनच उडू या’ असं म्हणून चालत नाही. मंद वाऱ्यात, आणि विमानाच्या मर्यादेत बसत असेल तर, पाठवाऱ्यावर उडण्याची परवानगी असते. पण तेही आधी हिशोब करूनच.

१९३० मीटर म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. एवढ्याशा ॲटीआर विमानाला ती पूर्ण कशाला लागते?

आधी आपली धावपट्टी १३७० मीटर होती, ती वाढवून १९३० मीटर केली. ॲटीआर ७२ हे पंख्यांचं विमान, पूर्ण वजन साधारण २३ टन. बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीप्रमाणे पूर्ण वजनाला साधारण १३०० मीटर लागतात. पण हा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंश तापमानाचा. आपण दोन्हींत बसत नाही.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. त्यात एप्रिल-मेची दुपार, ३८ अंश. गरम हवा विरळ असते. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाला हवा कमी मिळते. ‘घनता-उंची’चा साधा हिशोब केला तर त्या दुपारी उजळाईवाडीची हवा १६०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे विमान उभं करवीर तालुक्यात आहे, पण त्याच्या पंखांना वाटतंय आपण कळसूबाईच्या माथ्यावरून निघालोय.

लहान विमानांसाठी ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने ढोबळ टक्केवारी दिलेली आहे. ती वापरून एक उदाहरण मांडून दाखवतो. समजा एका चार आसनी विमानाला समुद्रसपाटीला, १५ अंशांत, जमीन सोडून पन्नास फूट उंची गाठेपर्यंत ५०० मीटर लागतात. दर हजार फुटांना दहा टक्के वाढवा. आपण दोन हजार फुटांच्या आसपास, म्हणून ५०० चे ६०५ झाले. आता तापमान. आपल्या उंचीला ‘प्रमाण’ तापमान ११ अंश धरतात आणि हवा आहे ३८. सत्तावीस अंश जास्त, दर दहा अंशांना दहा टक्के: ६०५ चे ७८० च्या आसपास. त्यावर सुरक्षिततेसाठी १.३३ ने गुणायला सांगतात. झाले सुमारे १०४० मीटर. पुस्तकातले पाचशे कोल्हापूरच्या मे महिन्यात दुप्पट होतात.

आता समजा जोडरस्ता धावपट्टीला अशा जागी मिळतो की पुढे १०३० मीटरच उरतात. तिथून पळायचं का? डोळ्यांना तर एक किलोमीटर मोकळं डांबर दिसतंय. कागद नाही म्हणतो. हे ॲटीआरचं गणित नाही हे लक्षात ठेवा. प्रवासी विमानांचे तक्ते वेगळे आणि फार कडक असतात. दिशा तीच.

पण शंभर-दीडशे मीटर इकडेतिकडे झाले तर बिघडतं काय?

सुरुवातीला शंभर मीटर म्हणजे काहीच वाटत नाही. विमान तिथे रांगत असतं. पण सोडलेले शंभर मीटर वसूल होतात ते शेवटच्या टोकाला, आणि तिथे विमान ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे असतं. ताशी दोनशे म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. शंभर मीटर म्हणजे दोन सेकंद सुद्धा नाहीत. इंजिन बिघडल्यावर ‘थांबायचं की जायचं’ हा निर्णय त्या दोन सेकंदांत होतो किंवा हुकतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. अर्धी धाव झाली म्हणजे अर्धा वेग झाला असं नाही. एकसारख्या जोराने पळालं तर अर्ध्या अंतरावर उड्डाणवेगाच्या सत्तर टक्के वेग यायला हवा. लहान विमानाच्या वैमानिकांना हे शिकवतात: निम्म्या अंतरावर सत्तर टक्के दिसले नाहीत तर गप इंजिन कमी करा आणि थांबा. पण हे ‘निम्मं’ मोजायचं कुठून? जिथून सुरुवात करायची ठरवली होती तिथून. सुरुवातच पुढून केली तर खूणही खोटी ठरते.

धाव सोडून द्यायची वेळ आली तर?

प्रवासी विमानाच्या प्रत्येक टेक-ऑफला एक वेग ठरवलेला असतो, व्ही-वन. त्याच्या आत बिघाड लक्षात आला तर ब्रेक लावून धावपट्टीवरच थांबता यायला हवं. त्याच्यानंतर आला तर एका इंजिनावर का होईना, उडावंच लागतं. म्हणजे गणित दोन असतात: पळून उडण्याचं आणि पळून थांबण्याचं. दोन्ही एकाच जागेपासून मोजायची.

गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर उतारावर पाहिलाय ना? रिकामा असताना जिथे थांबतो, भरल्यावर त्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबतो. ब्रेक तेच, वजन वेगळं. विमानाचंही तसंच, फक्त ट्रॅक्टरवाल्याला पुढे शेत असतं.

वळसा घेताना जी जागा जाते तिचं काय?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण मला सगळ्यात आवडतो. विमान टोकाला वळून सरळ होतं तेव्हा त्याची चाकं डांबराच्या पहिल्या इंचावर नसतात. वळायला जागा लागते. एअरबस ए३२० पूर्ण वळसा घेऊन सरळ झाली की तिची मागची मुख्य चाकं टोकापासून साधारण साडेसोळा मीटर पुढे आलेली असतात आणि नाकाखालचं चाक साधारण २९ मीटर पुढे. मधला फरक म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर.

हिशोबात दोन्ही आकडे येतात, आणि वेगवेगळ्या कामासाठी. उडण्याचं अंतर मुख्य चाकांपासून मोजतात. थांबण्याचं अंतर नाकाच्या चाकापासून, कारण थांबताना नाकाचं चाकही डांबरावरच राहायला हवं. म्हणून थांबण्याच्या हिशोबातून जास्त मीटर वजा होतात. नव्वद अंशांच्या जोडरस्त्याने धावपट्टीवर आलात तर नुकसान थोडं कमी: सुमारे ११ आणि २४ मीटर.

हे दहा-वीस मीटर लांब धावपट्टीवर कुणी बोलूनही दाखवत नाही. छोट्या धावपट्टीवर, उन्हाळ्यात, भरलेल्या विमानाला याच मीटरांपायी एखाद-दुसरी बॅग किंवा प्रवासी कमी करायची वेळ येऊ शकते. एवढं बारीक मोजल्यावर वैमानिकाने वळताना निष्काळजीपणे चाळीस मीटर पुढे जाऊन सरळ व्हायचं, हे बरोबर नाही. चांगला वैमानिक टोकाच्या कडेला चिकटून वळतो. खिडकीतून गवत अगदी जवळ आल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. घाबरू नका.

कधी विमान टोकाला थांबून, इंजिन गरजवून मग सुटतं. कधी वळता वळताच पळायला लागतं. बरोबर कुठलं?

दोन्ही. वळता वळता सुटण्याला ‘रोलिंग टेक-ऑफ’ म्हणतात. प्रवाशांना झटका कमी, वेळ वाचतो, आणि इंजिनासमोरचे बारीक खडे आत ओढले जाण्याचा धोकाही कमी. लांब धावपट्टीवर हीच पद्धत सर्रास. छोट्या धावपट्टीवर मात्र ब्रेक दाबून जोर चढवायचा आणि मग ब्रेक सोडायचे हे उत्तम, कारण इंजिन पूर्ण जोरात यायला लागणारे सेकंद विमान उभं असतानाच संपतात.

घोषित अंतरं म्हणजे काय? धावपट्टी एकच, मग तिची चार मापं कशी?

टोरा, टोडा, ॲस्डा आणि एलडीए. टोरा म्हणजे जमिनीवर धावायला उपलब्ध लांबी. टोडा म्हणजे त्यात पुढची अडथळे नसलेली मोकळी पट्टी धरून. ॲस्डा म्हणजे थांबण्यासाठी उपलब्ध लांबी. एलडीए उतरण्यासाठी. चारही मापं प्रत्येक दिशेला वेगळी असू शकतात, आणि प्रत्यक्ष डांबरापेक्षा कमीही असू शकतात, कारण धावपट्टीच्या पुढे सुरक्षिततेची मोकळी जागा ठेवावी लागते. ती बाहेर मिळाली नाही तर धावपट्टीतूनच कापून घेतात. वैमानिक मोजतो ती ही छापील मापं. डांबर नव्हे.

मुंबईला विमानं मधल्या रस्त्यावरूनच सुटताना पाहिलीत. तिथे चालतं, इथे का नाही?

तिथे मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आणि समुद्रसपाटीजवळ. मधला रस्ता धरला तरी ए३२० सारख्या विमानाला भरपूर उरतं. रांग मोठी असते, मधून सोडलं तर वेळ वाचतो. नियंत्रण कक्ष विचारतो, वैमानिक तक्ता पाहून हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. शेवटचा शब्द वैमानिकाचा. त्याने ‘पूर्ण लांबी हवी’ म्हटलं की विषय संपला. जोडरस्त्याच्या कडेला पिवळ्या फलकावर काळ्या अक्षरांत पुढे किती मीटर उरलेत तेही लिहिलेलं असतं.

मात्र मधून सुटण्यात एक सापळा आहे. मियामीत १५ सप्टेंबर २०१५ ला कतार एअरवेजचं बोईंग ७७७ दोह्याला निघालं. धावपट्टी १३,००० फुटांची. विमान टोकाऐवजी टी-वन या जोडरस्त्यावरून सुटलं, तिथून उरले होते साधारण साडेआठ हजार फूट. उचललं ते अगदी शेवटी, आणि पलीकडच्या दिव्यांच्या खांबांना पोट घासून गेलं. विमानाच्या पत्र्याला भेग पडली. वैमानिकांना काही कळलंच नाही. तेरा-चौदा तास उडून ते दोह्याला उतरलं. कुणाला खरचटलंही नाही ही नशिबाची गोष्ट. विमान धडधाकट, इंजिनं धडधाकट, हवा चांगली. जागा तेवढी चुकली.

छोट्या विमानांसाठी अजून एक मुद्दा. जड विमान टोकापासून उडालं आणि तुम्ही मधून उडणार असाल तर तुम्हाला दोनऐवजी तीन मिनिटं थांबवतात. जड विमानाच्या पंखांमागे उठलेले भोवरे तुमच्या वाटेत येतात म्हणून. म्हणजे वेळ वाचवायला मधून आलात आणि उभेच राहिलात.

धावपट्टीच चुकली असं होतं का? दोन-दोन वैमानिक असताना?

होतं. अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला २७ ऑगस्ट २००६ ला पहाटेच्या अंधारात एक छोटं जेट २२ क्रमांकाच्या धावपट्टीऐवजी २६ वर गेलं. दोन्ही धावपट्ट्यांची तोंडं जवळजवळ. २२ दोन किलोमीटरहून जास्त, २६ त्याच्या निम्मी, आणि तिच्यावर दिवेही नव्हते. ५० पैकी ४९ जण गेले. होकायंत्रात २२० ऐवजी २६० दिसत होतं. ते पाहायला एक नजर पुरली असती. त्याच्या आधी, ३१ ऑक्टोबर २००० ला, तैपेईत वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं ७४७ दुरुस्तीसाठी बंद असलेल्या धावपट्टीवरून पळालं आणि बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं. ८३ मृत्यू.

म्हणून आता धावपट्टीवर चढताना दोघे वैमानिक तोंडाने क्रमांक म्हणतात, फलक बघतात, होकायंत्र बघतात. आपल्याकडे एकच धावपट्टी असल्याने दुसऱ्या धावपट्टीवर जायची भीती नाही. दिशा आणि जागा मात्र इथेही तपासाव्याच लागतात.

बॅकट्रॅकमध्ये धोका नाही का? धावपट्टीवर रेंगाळत जायचं म्हणजे…

आहे. विमानवाहतुकीतला सर्वांत मोठा अपघात तसाच घडला. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांवरचं टेनेरिफ. दुसऱ्या विमानतळावर बाँब फुटल्याने सगळी विमानं इथे वळवली होती. ती टॅक्सीवेवर दाटीने उभी, म्हणून उडणाऱ्यांना धावपट्टीवरूनच टोकाला जावं लागलं. केएलएमचं जंबो पुढे गेलं, वळलं आणि परवानगी नसताना पळत सुटलं. पॅन ॲमचं जंबो धुक्यात अजून त्याच धावपट्टीवर होतं. ५८३ माणसं गेली.

लहान विमानतळावर एका वेळी एकच विमान धावपट्टीवर असतं. ते पूर्ण मोकळी करेपर्यंत दुसऱ्याला येऊ देत नाहीत, ना उडायला ना उतरायला. आपल्याला कधीकधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात त्यामागे हेही कारण असू शकतं. कुरकुर करू नका.

टोकापासून सुरुवात केली की काळजी मिटली?

मिटत नाही. औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाण्याला २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचं ७३७ उन्हात, भरलेल्या वजनाने निघालं. नाक उचलायला उशीर झाला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. धावपट्टीच्या टोकाबाहेरच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक चालला होता, त्याला विमानाचं चाक आणि इंजिन लागलं. पुढे ते विजेच्या तारांना अडकून पडलं. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबर आणखी एक कारण नोंदवलं गेलं: विमानाच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहनं अडवली नव्हती.

मराठवाड्यातला एप्रिल, भरलेलं विमान, आणि टोकापलीकडे रस्ता. आपल्या भागातल्या कुणालाही यात परकं काही वाटणार नाही. सुरुवातीला वाचवलेले मीटर शेवटी उशिरा नाक उचलून घालवले तर त्यांचा उपयोग काय?

टोकापलीकडच्या अडथळ्यांचा मुद्दा यातूनच येतो. प्रवासी विमानाने कोरड्या धावपट्टीवर, एक इंजिन बंद पडलं असं धरून सुद्धा, उपलब्ध अंतर संपेपर्यंत ३५ फूट उंची गाठली पाहिजे, आणि त्यापुढे प्रत्येक अडथळ्यावरून ठरलेलं अंतर राखून जायला हवं. धाव जितकी मागून सुरू, तितकी अडथळ्यापाशी उंची जास्त. सोलापुरात साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडावी लागली, ती विमानांच्या वाटेत येते म्हणूनच. साखर कारखाने आणि विमानतळ दोन्ही हवे असलेल्या आपल्या जिल्ह्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पूर्ण धावपट्टी वापरतात, मग इंजिन पूर्ण जोरात का नसतं?

खरं आहे, जेट विमानात बरेचदा नसतं. धावपट्टी गरजेपेक्षा जास्त असेल तर मुद्दाम कमी जोर लावतात. इंजिनाचं आयुष्य वाढतं, खर्च वाचतो. उरलेल्या लांबीचा उपयोग असा करून घेतात. कमी जोराचं गणित सुद्धा एका ठराविक जागेपासूनच केलेलं असतं. टोकापासूनचा कमी जोर ठरवला आणि आयत्या वेळी मधून सुटायला होकार दिला तर सगळा तक्ता पुन्हा काढावा लागतो. घाईत तो न काढणं हीच मोठी चूक.

बारामतीला माझा भाचा उडायला शिकतोय. त्याचं छोटं विमान तीनशे मीटरमध्ये उडतं. त्याने टोकापर्यंत कशाला जावं?

जावं. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर सगळ्यात चांगली उतरायची जागा म्हणजे नाकासमोर उरलेली धावपट्टी. टोकापासून निघाला तर ती उरते. मधून निघाला तर समोर ऊस, विहिरी आणि तारा. मागे वळून परत धावपट्टीवर यायचा मोह कमी उंचीवर जीवघेणा ठरतो. मामा म्हणून एवढं त्याला सांगाच.

आपली धावपट्टी २३०० मीटर झाली तर सुरुवातीची जागा बदलेल?

वाढवण्याचा प्रस्ताव तेवढा आहे. झाली तर एका दिशेच्या विमानांना धाव आणखी मागून सुरू करता येईल आणि दुसऱ्या दिशेच्यांना तोच तुकडा शेवटी मिळेल. उतरण्याचा थ्रेशोल्ड मात्र आपोआप मागे जाईलच असं नाही. पलीकडच्या अडथळ्यांवर ते ठरतं. नवा तुकडा बाणांचा राहू शकतो, टेक-ऑफला उघडा आणि उतरायला बंद. मोठ्या जेटला पूर्ण भरून उन्हाळ्यात इथून सुटायचं असेल तर ते वाढीव मीटर लागतीलच.

खिडकीतून यातलं काय दिसतं?

पंखामागची जागा घ्या, उजवी-डावी कुठलीही. धावपट्टीवर आल्यावर विमान कुठल्या बाजूला वळतं ते पाहा. लगेच जोर लावला तर तुम्ही मधून सुटलात. संथ चालत राहिलं तर बॅकट्रॅक. टोकाला वळताना खाली पांढरे पट्टे सरकतील, ते पंखाच्या पुढे आहेत की मागे गेले ते बघा. रात्री असाल तर कडेचे पांढरे दिवे मोजत राहू नका, रंग बघा: पुढच्या टोकाकडे ते पिवळे होतात, लांब धावपट्टीवर शेवटच्या सहाशे मीटरांत. पिवळे सुरू व्हायच्या आत चाकं उचलली गेली तर हातात बरंच काही शिल्लक होतं. पिवळ्यांत शिरल्यावर उचलली तरी घाबरायचं कारण नाही, कमी जोर लावला असेल तर तसंच होतं. उतरताना दारात वैमानिक उभे असतील आणि मागे गर्दी नसेल तर विचारा, ‘आज फुल लेंग्थ होती का?’ बहुतेक जण खूश होऊन सांगतात.